ग्रीक मिनिएचर रंगवताय? आधी रंग कुठून यायचा ते बघा

मी पहिल्यांदा हॉप्लाइटच्या मिनिएचरचा, म्हणजे रंगवायच्या चिमुकल्या सैनिक बाहुल्यांचा, डबा आणला तेव्हा वाटलं यात काय एवढं, लहानपणापासून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवलेत, हे पण तसंच, फक्त २८ मिलीमीटरचे. सहा आठवडे रात्री जागून चोवीस स्पार्टन रंगवले. झगे टोमॅटो सॉससारखे लाल, ढाली कोकोच्या रंगाच्या, छातीवर तपकिरी चामडं आणि प्रत्येक ढालीवर काळा उलटा व्ही, म्हणजे ग्रीक अक्षर लॅम्डा. बेसखाली (बेस म्हणजे पायाखालची चकती) चिठ्ठी चिकटवली, थर्मोपिलीची लढाई, इ.स.पू. ४८०. ग्रुपमधल्या एका जाणत्या मित्राने एक सैनिक उचलला, चष्मा वर करून बघितला आणि एवढंच म्हणाला, "लॅम्डा ४८० मध्ये कुठून आणलास रे?"

त्यानंतर बरंच वाचलं, बरंच खरवडलं, परत रंगवलं. तुमचे सहा आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय. (हॉप्लाइट म्हणजे मोठी गोल ढाल आणि भाला घेऊन रांगेत लढणारा ग्रीक पायदळी, नवीन असाल तर एवढं पुरे.)

सामान काय लागेल

ब्रश तीनच घ्या पण टोक नीट असलेले: २ नंबर, १ नंबर आणि एक ०. प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), ॲक्रिलिक रंग, तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), ग्लॉस आणि मॅट दोन्ही वॉर्निश, टूथपिक, ओला पॅलेट (डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, झालं काम). रंगांमध्ये विटकरी लाल, गडद किरमिजी, पिवडीचा पिवळा, मळका पांढरा, फिकट निळा, गडद निळा, दोन तपकिरी, काळा, आणि मेटॅलिकमध्ये सोनेरी, तांबं, स्टील. बस. चाळीस बाटल्यांचा सेट घेऊ नका, मी घेतला, त्यातल्या अर्ध्या अजून सील आहेत.

आणि हो, एक वही. कुठला रंग कुठल्या पुराव्यावरून घेतला ते लिहून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरी तुकडी करताना आठवत नाही.

१. आधी साल आणि शहर ठरवा, मग बाटली उघडा

"प्राचीन ग्रीक" असा एक काळच नाही. इ.स.पू. ६५० चा कोरिंथचा माणूस, ४९० चा मॅरेथॉनवरचा अथेनियन, ३७१ चा ल्युक्ट्रावरचा थीबन आणि अलेक्झांडरचा ३३० चा मॅसेडोनियन यांच्यात दोन-तीनशे वर्षांचा फरक आहे, म्हणजे आपल्याकडे पेशवाईतला माणूस आणि आजचा माणूस एकाच गणवेशात उभा करण्यासारखं.

दुसरी गोष्ट, गणवेश हा शब्दच डोक्यातून काढा. पाचव्या शतकात बहुतेक शहरांत हॉप्लाइट स्वतःच्या पैशाने सामान आणायचा. ज्याची ऐपत होती त्याचं हेल्मेट भारी, ज्याची नव्हती त्याच्या अंगावर घरी विणलेला लोकरी अंगरखा आणि बापाची ढाल. अथेन्समध्ये तरुणांना शहराकडून ढाल आणि भाला मिळायला लागला तो चौथ्या शतकाच्या शेवटाकडे. त्यामुळे ४९० चे अथेनियन करताना वीसही जणांचे अंगरखे एका रंगाचे दिसले तर काहीतरी चुकलंय असं समजा. ठळक अपवाद एकच, स्पार्टा, त्यांच्यावर खाली येतोच.

२. पुरावा कुठला धरायचा, कुठला नाही

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मातीची भांडी. काळी आणि नारिंगी चित्रं बघून लोक काळे झगे आणि नारिंगी ढाली रंगवतात. अहो ते रंग भट्टीतून आलेत, कपड्यातून नाही! भांड्यावरून आकार घ्या, नक्षी घ्या, ढालीवरची चिन्हं घ्या, झग्याची घडी कशी पडते ते घ्या, रंग घेऊ नका. अपवाद आहेत, उदाहरणार्थ चिगी भांडं, इ.स.पू. ६५० ते ६४० च्या आसपासचं, रोमच्या व्हिला जुलियामध्ये आहे. त्यावर हॉप्लाइटच्या रांगा समोरासमोर भिडतायत आणि रंगही बरेच आहेत, सुरुवातीचा काळ करणाऱ्यांनी ते बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

दुसरा सापळा पांढरा संगमरवर. ते पुतळे मुळात रंगवलेले होते. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ॲरिस्टियॉनची स्मृतिशिळा आहे, इ.स.पू. ५१० च्या सुमाराची, एक हॉप्लाइट शांत उभा, त्याच्यावर लाल-निळ्या रंगाचे अंश राहिलेत. एजिना बेटावरच्या अफाइया मंदिराचे योद्धे आता म्युनिकला आहेत, त्यातल्या धनुर्धाऱ्याची विजार चौकटी-चौकटीची होती, आणि ती रंगवून केलेली प्रतिकृती पहिल्यांदा बघितली की आपण दचकतो, इतकी भडक.

चौथ्या शतकासाठी तर चंगळ आहे. सिडॉनला १८८७ मध्ये सापडलेली 'अलेक्झांडरची शवपेटी' (त्याची स्वतःची नाही, नाव पडलंय) इस्तंबूलला आहे, तिच्यावर जांभळे, पिवळे, लाल, निळे कपडे. व्हर्जिनाच्या थडग्यांत १९७७ पासून भिंतीवरची चित्रं सापडली, आणि थेसालोनिकीजवळच्या आगिओस अथानासिओसच्या थडग्यावर मॅसेडोनियन सैनिक रंगवलेल्या ढाली घेऊन उभे आहेत. मॅसेडोनियन करणार असाल तर फोनमध्ये या शेवटच्या थडग्याचा फोटो वॉलपेपर ठेवा, मी ठेवलाय.

सिनेमे आणि गेम: बघा, मजा घ्या, रंग घेऊ नका.

३. कपड्याचे रंग आणि ढालीचे रंग वेगळे डबे समजा

हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर फार वेळ वाचला असता. कपडा रंगतो झाडापाल्यातून, मुळांतून, किड्यांतून. ढाल, भिंत, पुतळा रंगतो दगडमातीतून. दोघांची रंगपेटी वेगळी.

दगडमातीची पेटी आपल्याला नवीन नाहीच: गेरू, पिवडी, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, सफेदा, काजळी. ही सगळी ग्रीकांकडे होती. त्यात तांब्याचा हिरवा दगड मॅलकाइट, आणि इजिप्शियन निळा, जो वाळू, चुना आणि तांबं एकत्र भाजून बनवायचे. हे रंग झणझणीत असतात, म्हणून ढालीवर शुद्ध निळा किंवा चटक लाल बिनधास्त मारा.

कपड्याची पेटी अशी:

लाल: मॅडरच्या मुळाचा, विटकरीकडे झुकणारा, सगळ्यात सोपा आणि सर्रास. किरमिजी हवा तर कर्मेस नावाच्या किड्याचा, तो महाग.
निळा: वोड नावाच्या झाडाचा. एकदा बुडवला तर धुतलेल्या जीन्ससारखा, जितक्या वेळा बुडवाल तितका गडद आणि तितका खर्चिक.
पिवळा: वेल्ड नावाच्या झाडाचा, लिंबासारखा स्वच्छ. केशरही होतं पण केशरात अंगरखा बुडवून चिखलात कोण जाणार.
हिरवा: निळ्यावर पिवळा चढवून, म्हणजे दोनदा रंगवायचा खर्च, म्हणून कमी वापरा.
तपकिरी, करडा, काळपट: अक्रोडाची सालं, ओकच्या गाठी आणि लोखंड, किंवा सरळ तशाच रंगाच्या मेंढीची लोकर.
जांभळा: समुद्री गोगलगायीचा. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग काढला होता, यावरून समजा. सेनापतीला द्या, फार तर त्याच्या झग्याच्या काठाला द्या. अख्ख्या तुकडीला दिलात तर शहराचं दिवाळं.

मॅडरचा लाल नक्की कसा दिसतो हे स्क्रीनवर बघून माझं समाधान होईना. मग लक्षात आलं की आपली मंजिष्ठा ही मॅडरचीच चुलत बहीण. काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठेची पूड आणली, पांढरी लोकर तुरटीच्या पाण्यात आधी मुरवली आणि मग मंजिष्ठेच्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवली. उकळी फुटू दिली तर तपकिरी होतो म्हणे, म्हणून हलवत उभा. बाहेर काढली तेव्हा ओली असताना लालभडक, आणि वाळल्यावर विटेच्या आणि डाळिंबाच्या सालीच्या मधला काहीतरी रंग, थोडी नारिंगी झाक. तो धागा अजून माझ्या रंगाच्या डब्यावर बांधलेला आहे, लाल मिसळताना त्याच्या शेजारी धरून बघतो. आईने ते पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात घेतलं नाही.

वीस जणांच्या तुकडीसाठी माझा हिशोब: नऊ-दहा जण न रंगवलेल्या लोकरीत (मळका पांढरा, बदामी, करडा, तपकिरी, प्रत्येक वेगळा), पाच-सहा विटकरी लालमध्ये पण एकसारखा लाल नाही, दोन-तीन फिकट निळ्यात, एखादा पिवळा. आणि साध्या अंगरख्याला रंगीत काठ द्या, काठावर पैसे खर्च करणं परवडायचं. हा हिशोब माझ्या अंदाजाचा आहे, कुठल्या शिलालेखावरून नाही, पण टेबलावर लांबून बघितलं की गर्दी खरी वाटते.

कापडाचं आणखी एक: लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, रंग नीट धरत नाही. लिननचा अंगरखा असेल तर मळका पांढराच ठेवा.

४. स्पार्टा आणि तो लाल

इथे पुरावा आहे. झेनोफोन स्वतः स्पार्टन लोकांबरोबर राहिलेला माणूस, तो लिहितो की त्यांचा पोशाख लाल आणि ढाल ब्राँझची, आणि ब्राँझची का तर ती सगळ्यात पटकन चमकते आणि सगळ्यात उशिरा काळवंडते. त्याचा शब्द पोशाखासाठी आहे, नुसत्या झग्यासाठी नाही, म्हणून अंगरखाही लाल करा. केस लांब ठेवा.

लाल कसा मिसळायचा: गडद किरमिजीत थोडा तपकिरी, हा खालचा थर. घडीच्या आत वॉश. वरच्या कडांना विटकरी लाल, शेवटी त्यात किंचित नारिंगी. पांढरा टाकून हायलाइट करू नका, गुलाबी होतो, आणि गुलाबी स्पार्टन घेऊन तुम्ही ग्रुपवर फोटो टाकलात की पुढचे दोन दिवस तुमचेच.

लाल दिसला की स्पार्टन असंही नाही बरं का. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी राजपुत्र सायरसच्या भाडोत्री ग्रीक सैन्याने, तेच ते दहा हजार, कवायत दाखवली तेव्हा सगळ्यांचे अंगरखे लाल होते, हेही झेनोफोनच सांगतो आणि तो तिथे हजर होता. आणि अथेन्सच्या ॲरिस्टोफेनिसने तर तीन तुरे आणि सार्डिसच्या रंगाचा लालजर्द झगा मिरवणाऱ्या, आणि लढाईत पहिला पळणाऱ्या, अधिकाऱ्याची नाटकात टर उडवलीय. तो एक मी मुद्दाम माझ्या अथेनियन तुकडीत केलाय, सगळ्यात मागे उभा.

५. ब्राँझ: काशाची वाटी आठवा

घरात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असेल तर काढा आणि चिंचेने घासा. हेल्मेट साधारण असं दिसायचं. काशात कथील जास्त म्हणून वाटी जरा फिकट, ग्रीक ब्राँझमध्ये कथील दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून सोनेरी रंगात थोडं तांबं टाका. त्यावर पातळ केलेला तपकिरी वॉश फक्त खाचांत, सगळीकडे फासू नका, माझ्या ढाली कोको झाल्या त्या याच पायी. कडांना सोनेरीत थेंबभर स्टील.

हिरवा गंज मारू नका. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात एक स्पार्टन ढाल आहे, इ.स.पू. ४२५ मध्ये पायलॉसला अथेनियनांनी जिंकलेली, तसं तिच्यावर ठोकून लिहिलंयच. ती आज काळी-हिरवी चेपलेली दिसते कारण ती शतकानुशतकं मातीत होती. ती हातात घेऊन लढणाऱ्या माणसाने ती घासलेली असणार.

तलवारीचं पातं आणि भाल्याचं टोक मात्र लोखंडाचं, स्टील रंगात. ट्रॉयच्या दंतकथेमुळे सगळंच ब्राँझ करायचा मोह होतो, पाचव्या शतकात तसं नाही. भाल्याच्या मागचा टोकदार खिळा बहुधा ब्राँझचा.

६. छातीचं चिलखत

खांद्यावर पट्टे आणि खाली झालर असलेलं जे चिलखत असतं ते लिननचं की चामड्याचं यावर लोक भांडतात. तुम्ही भांडू नका, मळका पांढरा मारा, दोन्हीकडे चालतं. सावलीला करडा नाही, फिकट बदामी. खांद्यांना आणि झालरीला लाल किंवा निळ्या पट्ट्या, छातीवर एखादा तारा. तपकिरी चामड्याचं चिलखत सिनेमात शोभतं.

७. ढाल, इथे वेळ घालवा

ढालीचा व्यास ८० ते १०० सेंटीमीटर, आत लाकूड, बाहेर ब्राँझचा पातळ पत्रा किंवा नुसती कड. २८ मिलीमीटरच्या बाहुल्यावर निम्मा माणूस ढालच असतो, म्हणून लोक आधी तीच बघतात.

पाचव्या शतकाच्या बऱ्याच काळात चिन्ह ज्याचं त्याचं. गॉर्गन राक्षसिणीचं तोंड, कोंबडा, बैल, विंचू, तीन पाय. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने प्लॅटियाच्या लढाईतल्या सोफानिसच्या ढालीवर नांगर होता अशी एक गोष्ट दिलीय, जहाजाचा नांगर. अथेन्सचा सेनापती अल्सिबायडीस याने वज्र धरलेला इरॉस, म्हणजे प्रेमदेव, ढालीवर चितारून घेतला होता, त्याच्या थाटाला साजेसाच. आणि प्लूटार्क एका स्पार्टनची गोष्ट सांगतो, त्याने ढालीवर माशी काढली, खऱ्या माशीएवढी. लोक हसले, की लपायचं आहे वाटतं. तो म्हणाला, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती दिसते. ही माशी २८ मिलीमीटरवर काढायचा प्रयत्न करू नका, ढालीवर काळा ठिपका पडतो आणि प्रत्येकाला गोष्ट सांगत बसावं लागतं.

शहराची अक्षरं नंतर दिसतात. स्पार्टाच्या चमकणाऱ्या लॅम्डांचा (लॅकेडेमॉन या त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर) उल्लेख युपोलिस या अथेनियन नाटककाराच्या एका ओळीत मिळतो, आणि तो पेलोपनीशियन युद्धाच्या काळातला, म्हणजे ४८० नंतर निदान पन्नास वर्षं. आता कळलं मित्र काय म्हणत होता. सिक्यॉन शहराचा सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', पक्का आहे: इ.स.पू. ३९२ मध्ये पासिमाकस या स्पार्टनने पळणाऱ्या सिक्यॉनकरांच्या ढाली उचलल्या आणि त्या घेऊन आर्गोसच्या सैन्यावर चालून गेला. सिग्मा बघून आर्गोसवाले गाफील राहिले. थीबनांची गदा ३६२ च्या मँटिनियाच्या लढाईच्या वेळी सापडते, तेव्हा आर्केडियाचे लोकही आपल्या ढालींवर गदा रंगवून घेत होते. आर्गोसचं सैन्य करायचं तर नाटकांत त्यांना पांढऱ्या ढालीवाले म्हटलंय, तुकडीत निम्म्या ढाली पांढऱ्या करा, चांगलं दिसतं.

हाताने काढणार असाल तर: ढाल बाहुल्याला चिकटवायच्या आधी टूथपिकवर टॅकने (चिकट पुट्टीने) बसवा. कडेला ब्राँझ, आतला गोल एका रंगाचा. मग टूथपिक बोटांत फिरवत ब्रश एका जागी स्थिर धरा, गोल पट्टी आपोआप येते, कुंभाराच्या चाकासारखं. चिन्ह आधी पातळ करड्यात, चुकलं तर पार्श्वभूमीच्या रंगाने आतून कापत आणा. नवख्यांनी डिकल (पाण्याने चिकटवायचं छापील चित्र) वापरायला काहीच हरकत नाही, फक्त ढाल वाटीसारखी फुगीर असल्याने डिकलला चुण्या पडतात. आधी ग्लॉस वॉर्निश, डिकलच्या कडेला चार बारीक काप, मग डिकल मऊ करणारं सॉफ्टनर, आणि पंधरा मिनिटं बोट लावायचं नाही. मी लावलं होतं. गॉर्गनचं नाक हनुवटीवर आलं.

ढालीची आतली बाजू विसरू नका: लाकूड किंवा चामडं, मध्ये ब्राँझचा हातपट्टा, कडेने दोरी आणि गोंडे.

८. तुरे, त्वचा, बाकी

तुरा घोड्याच्या केसांचा, म्हणून पांढरा, काळा, तांबूस तपकिरी हे फुकटचे रंग, लाल-निळा रंगवलेला. चौकटीचे पट्टे भांड्यांवर दिसतात ते तुऱ्याच्या खालच्या पट्टीला छान दिसतात. भाल्याचा दांडा ॲश लाकडाचा, फिकट, चॉकलेटी नाही. त्वचा उन्हात रापलेली.

९. हॉप्लाइट नसलेले

थ्रेशियन, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडचे लोक, रंगवायला सगळ्यात मजा. हेरोडोटस लिहितो, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, अंगावर रंगीबेरंगी नक्षीचा झगा, पायात हरणाच्या पाडसाच्या कातड्याचे बूट. इथे हात सैल सोडा. पण शतक बघा: इ.स.पू. १६८ च्या पिडनाच्या लढाईत प्लूटार्क थ्रेशियनांना काळे अंगरखे आणि लखलखीत पांढऱ्या ढाली देतो, आणि त्याच सैन्यात निवडक मॅसेडोनियन सोनेरी चिलखतात, नवीन लाल कपड्यांत. एका टेबलावर हे दोन गट शेजारी ठेवले की बाकी काही लागत नाही.

१०. प्रायमर, वॉर्निश, जमीन

स्प्रे प्रायमर आणि स्प्रे वॉर्निश जून ते सप्टेंबर गॅलरीत मारू नका. दमट हवेत पांढरी भुकटी धरते, माझे सहा थीबन पिठात लोळल्यासारखे झाले होते. पावसाळ्यात ब्रशने लावायचं वॉर्निश घ्या. मॅट सगळीकडे, मग ब्राँझवर परत थोडं ग्लॉस.

बेसवर हिरवंगार गवत नको. स्वाऱ्या बहुतेक उन्हाळ्यात, पिकं कापणीला आल्यावर व्हायच्या, म्हणून वाळकं पिवळं गवत, फिकट माती, पांढुरके दगड.

माझ्या त्या चोवीस स्पार्टनांचं काय केलं विचाराल तर झगे आणि ब्राँझ परत रंगवलं, चिलखतं पांढरी केली, पण लॅम्डा पुसायचा जीव झाला नाही. बेसखालची चिठ्ठी खरवडली आणि नवीन लावली: मँटिनिया, इ.स.पू. ४१८. मित्राला दाखवले. त्याने परत एक उचलला, चष्मा वर केला. "लॅम्डा बरोबर," म्हणाला, "पण ४१८ मध्ये ही कोरिंथियन हेल्मेटं?"

पिलॉस टोप्यांची (त्या काळची शंकूसारखी हेल्मेटं) सुटी डोकी मागवलीत, चोवीस.